परदेशी मदत आणि गांवचा हापसा

विकसनशील देशांस श्रीमंत राष्ट्रें जी यंत्रांची मदत देतात, तिच्याविषयीं दोन टोकांचीं मतें आमच्या कानीं येतात. फुकट मिळालेलें यंत्र नाकारूं नये, असें एक पक्ष म्हणतो. परक्यांचें कांहींच नको, असें दुसरा. यंत्र बिघडल्यावर तें उघडणार कोण, हा खरा प्रश्न मात्र दोघेहि विसरतात.

दक्षिण आफ्रिकेंतून निघालेल्या 'प्लेपंपा'चें उदाहरण घ्यावें. मुलांनीं फिरत्या चक्रावर खेळावें आणि त्या फिरण्यानें विंधनविहिरीचें पाणी उंच टांकींत चढावें, अशी ती युक्ति. २००६ सालीं अमेरिकेंत तिच्यासाठीं मोठा निधि उभारण्याचें जाहीर झालें. २०१० पर्यंत ४,००० पंप बसविण्याचा संकल्प होता. कल्पना ऐकावयास गोड खरी, परंतु मुलें पांगलीं म्हणजे तें जड चक्र बायकांनाच ढकलावें लागे. एक पंप २,५०० माणसांस पुरेल म्हणत. त्यासाठीं मुलांस दिवसाचे २७ तास खेळावें लागेल, असा हिशेब एका इंग्रजी वर्तमानपत्रानें २००९ त मांडला! किंमत साध्या हातपंपाच्या सुमारें चौपट; आणि कित्येक ठिकाणीं चालता हातपंप काढूनच हें चक्र बसविलें. मोडलें कीं सुटे भाग गांवांत मिळत नसत. पुढें मुख्य देणगीदारांनींच हात आंखडता घेतला.

आपल्याकडेहि आरंभ असाच झाला होता. १९६६-६७ च्या दुष्काळानंतर 'युनिसेफ'च्या मदतीनें खडक विंधणारीं यंत्रें आलीं व विहिरींस पाणी लागलें. पण वर बसविलेले बिडाचे पंप परदेशांतील घरगुती पंपांच्या नमुन्याचे, एका कुटुंबापुरते. त्यांवर सारा गांव तुटून पडे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हां चारांतील तीन बंद आढळले. मात्र जालना व सोलापूर येथें मिशनरी व कारागीर यांनीं मजबूत पोलादी पंप आधींच घडविले होते. युनिसेफनें नवा परदेशी पंप न आणतां सोलापुरी पंपावरूनच 'इंडिया मार्क टू' सिद्ध करविला, कोइमतूरकडील खोल विहिरींवर तो कसून पाहिला, व त्यावर कोणाची पेटंटाची मालकी ठेविली नाहीं. पुढें तो आफ्रिकेंतहि गेला.

तोहि निर्दोष नव्हता. कांहीं भागांतील आम्लधर्मी पाण्यानें त्याच्या जस्ती नळ्या खाल्ल्या. वायसर बदलावयाचें तर सगळी नळी वर ओढावी लागे, म्हणजे तालुक्याच्या गाडीची वाट पाहणें आलें. आणि उन्हाळ्यांत आठ दिवस वाट पाहणें काय असतें, तें वाचकांस सांगावयास नको. म्हणून 'मार्क थ्री'ची नळी रुंद केली. तींतून दट्ट्या तेवढा वर काढतां येतो, आणि गांवचीच दोनचार माणसें तें काम उरकतात.

आमच्या सोसायट्यांस कोणी परदेशी संस्था यंत्र देऊं करील, तर स्वीकारपत्रावर सही करण्यापूर्वीं सुट्या भागांची किंमतवार यादी व ते तालुक्यांत विकणाऱ्याचें नांव मागून घ्यावें, आणि गांवच्या दोन तरुणांस तें यंत्र सोडून जोडावयास शिकविण्याची अट लेखी घालावी.