पोळा ते दसरा : हे चाळीस दिवस कंबरेसाठी द्या

पोळा झाला. बैलांच्या अंगावरचा हुरमुंज अजून उतरलेला नाही, तोच धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केजच्या गावांत मुकादमांच्या मोटारसायकली फिरू लागल्या आहेत. उचल कुणी घेतली, गेल्या सालची बाकी कुणाकडे आहे, टोळीत कोयते किती भरले, याची जुळवाजुळव चालू आहे. पोळ्याची अमावस्या ते दसरा, मधे चाळीस तिथ्या. दसरा उलटला की संसार ट्रकवर चढायला लागतो आणि मग पाच-सहा महिने कोपीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऊसतोड करणारी माणसं माझ्याकडे येतात ती हंगाम संपवून एप्रिलमध्ये नाही, तर निघायच्या दोन दिवस आधी. ‘डॉक्टर, परवा गाडी भरायचीय, एक सुई मारा, एवढा हंगाम निघू द्या.’ त्या दोन दिवसांत माझ्या हातात काही नसतं. चाळीस दिवसांत खूप काही असतं, म्हणून आज हे लिहितो आहे. ज्यांची कंबर, मान, खांदा किंवा गुडघा गेल्या हंगामात धरला, त्यांनी याच आठवड्यात व्यायामाच्या उपचाराला लागा. त्यांना तेवढा वेळ मिळेल, हे आपण बाकीच्यांनी पाहू या.

फडातलं काम शरीराला काय करतं, ते ऊस न तोडलेल्या वाचकानं समजून घ्यावं. तोडणारा दिवसभर कमरेत वाकलेला असतो आणि दर घावाला त्याच बाजूला पिळतो. त्याची कंबर, कोपर, मनगट जातं. मोळी वाहणारी, आणि ती बहुतेक वेळा घरची बाई असते, तीस-पस्तीस किलोचा भार डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिची मान आणि गुडघे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पण दोघांची दुखणी वेगळी. गावात मात्र दोघांना एकच सल्ला मिळतो : मणक्यात गॅप पडलाय, पट्टा बांधा, पडून राहा.

पडून राहिल्यानं पाठीचे स्नायू आणखी दुबळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम आणि दुखण्याची नीट समज देणं यावर त्यात भर आहे; कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट देऊ नका, असंही त्यात सांगितलं आहे. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी माणसांना कंबरदुखी होती, म्हणजे हे दुखणं काही आपल्याच नशिबी आलेलं नाही. पण त्यातल्या किती जणांना दुखऱ्या कमरेनं रोज टनानं ऊस तोडावा लागतो?

व्यायाम म्हटलं की लोक मोबाईल पुढे करतात. ‘शेजाऱ्यानं हा व्हिडिओ पाठवलाय, त्याला गुण आला.’ इथेच घोटाळा होतो. परवा एकाच घरातले सासरे आणि सून आले, दोघांच्याही पायात कळ उतरत होती. सासऱ्यांचं वय साठीच्या पुढचं, मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली. त्यांना उभं राहिलं की त्रास आणि पुढे वाकून बसलं की आराम. सुनेची गादी सरकलेली. वाकलं की तिची कळ थेट पोटरीपर्यंत जायची. सासऱ्यांना वाकण्याचे व्यायाम दिले, सुनेला ते बंद करून पालथं झोपून छाती उचलायला शिकवलं. दोघांनी एकमेकांचा व्यायाम केला असता तर दोघंही खाटेवर गेले असते. ज्याच्या-त्याच्या शरीराप्रमाणे आणि ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे व्यायाम बेतायचा असतो, तो यासाठी.

याला मशीन लागत नाही. पहिल्या आठवड्यात कळ कमी करणारी हालचाल आणि चालणं. मग घमेल्यात पाच किलो माती घेऊन ते कंबर न वाकवता, गुडघ्या-खुब्यांत बसून उचलायचं. मग दहा किलो, मग पंधरा, मग डोक्यावर घेऊन पायरी चढायची. उचललेलं वजन दुसऱ्या दिवशी सकाळी समजतं. दुखणं कालच्याइतकंच असेल तर पुढे जा, वाढलं असेल तर एक पायरी खाली या. सहा आठवडे असं नेटानं केलं तर फडावर उभा राहणारा माणूस वेगळा असतो. एकदम बरा होतो असं मी म्हणणार नाही, पण मोळी उचलताना कुठे थांबायचं हे त्याला कळू लागतं.

बायांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीचा आकडा आला. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. चर्चा झाली, नियम झाले. पण पिशवी काढल्यानंतर त्या बाईचं काय, हे कोण विचारतं? अशा शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे जड उचलायचं नसतं, आणि पुढेही भार हळूहळू वाढवायचा असतो. खाडा पडला की उचलीत भर पडते, म्हणून कितीतरी जणी त्याआधीच मोळीखाली गेल्या. आज त्यांची कंबर दुखते, खोकलं की लघवी सुटते, आणि हे त्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. मावशी, ताई, हे लाजायचं दुखणं नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असतात. ते आवळण्याचा आणि श्वासाबरोबर भार उचलण्याचा व्यायाम असतो. त्यानं पुष्कळ फरक पडतो. आशाताईंना विनंती आहे, घरोघरी जाता तेव्हा हा एक प्रश्न हळूच विचारा.

मुकादमांनो, तुम्हीही बहुतेक कधीतरी कोयता धरलेला आहे. दुखऱ्या माणसाला पहिले दोन आठवडे भरणीला लावू नका, तोडणी-बांधणीवर ठेवा आणि त्याचा खाडा धरू नका. वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं टोळीत वाटू नका. उन्हात, पाणी न पिता रोज त्या घेतल्या तर किडन्या जातात. सरपंचांनी समाजमंदिराची किल्ली संध्याकाळी दोन तास मोकळी करावी. माझ्या पेशातल्या मित्रांनी आठवड्यातला एक दिवस एखाद्या तांड्याला द्यावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याच्या पैशातून हंगामाआधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट बसवावा, ही मागणी ग्रामसभांनी ठरावानं करावी.

काहींनी मात्र व्यायामाची वाट पाहू नये. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेना, कंबरदुखीबरोबर ताप आला किंवा वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा. कोयत्यानं बोट कापलं आणि ते वाकत नसेल, तर शिरा आखडायच्या आत दाखवा.

बाकीच्यांनी जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे या. येताना जुने एक्स-रे आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा. आणि तुमचा कोयताही घेऊन या. तो तुम्ही कसा धरता, कुठल्या पायावर भार देऊन वाकता, ते पाहिल्याशिवाय तुमचा व्यायाम ठरवता येत नाही.