दिसत नाही की दाखवत नाहीत?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली आणि धडधाकट लॅपटॉप भंगारात काढण्याची भाषा सुरू झाली. कुणी हौसेने लिनक्स टाकतो, पडदा काळा पडतो, वायफाय सापडत नाही. लगेच निकाल: 'लिनक्सला हार्डवेअर ओळखता येत नाही.'

मंडळी, हा निकाल चुकीच्या आरोपीवर लागलेला आहे.

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) द्या. ग्राफिक्स कार्ड यादीत बहुधा हजर असते, कंपनीच्या क्रमांकासकट. ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. म्हणजे ओळख पटली! त्याखाली वापरातल्या ड्रायव्हरचे नाव नसेल, तर दुखणे तिथे आहे. मग 'डीमेसेज' वाचा. फर्मवेअरची फाइल मिळाली नाही, की सही नसलेला ड्रायव्हर सिक्युअर बूटने अडवला, हे बहुतेक वेळा तिथे लिहिलेले असते. ते न वाचता चौथ्यांदा इन्स्टॉल करणे म्हणजे निदान न करता गोळ्या बदलणे.

काळ्या पडद्यावर 'नोमोडसेट' हा उतारा सगळे सांगतात. तो आत शिरण्यापुरता. कायम ठेवलात तर चित्र काढण्याचे ओझे प्रोसेसरवर पडते, पंखा घोंगावतो आणि पुन्हा बोल लिनक्सलाच.

आता खरा आरोपी. इंटेल आपल्या ग्राफिक्सचे खुले ड्रायव्हर स्वतः लिहिते. एएमडीने २००७पासून कार्डांची माहिती खुली करायला घेतली. एनव्हिडियाने मात्र दार लावून घेतले. नूवोच्या स्वयंसेवकांना कार्डाचे वागणे चाचपून ड्रायव्हर लिहावा लागला. २०१४मध्ये आलेल्या ९००च्या मालिकेपासून कंपनीच्या सहीशिवाय फर्मवेअर चालेना, म्हणून नूवोला त्या कार्डांचा वेग वाढवता येईना. २०१२मध्ये लिनस टोरवाल्ड्सने भर सभेत या कंपनीला मधले बोट दाखवले, ते उगाच नव्हे. २०२२मध्ये तिने कर्नेलमधला भाग खुला केला, पण २०१८च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्याच कार्डांसाठी. त्याच वर्षअखेर जुन्या फर्मी कार्डांच्या ड्रायव्हरचा आधार संपला. कार्ड आपले, पैसे आपले, किल्ली मात्र कंपनीच्या खिशात!

'सामान्य माणसाने ही उठाठेव का करावी?' असे कुणी विचारील. करावी लागूच नये, हेच तर म्हणणे आहे. पण गिऱ्हाईक विचारत नाही तोवर कंपनीला काय पडले आहे? म्हापशाच्या बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उघडून बघतो. हजारोंचा लॅपटॉप मात्र स्टिकर बघून उचलतो. नवा घेताना चिप कुठली ते विचारा, दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरे दुकान गाठा. शाळेसाठी, वाचनालयासाठी घाऊक खरेदी करणाऱ्यांनी तर खुल्या ड्रायव्हरची अट कागदावरच घालावी.

लॅपटॉप म्हातारा झाला म्हणून मरत नाही. पुष्कळदा त्याची कागदपत्रे दाबून ठेवलेली असतात, म्हणून मरतो.