माळ्यावरचे त्र्याऐंशी हजार

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, स्वयंपाकघर. इमारत १९८८ सालची. भिंतीतले लोखंडी पाइप आतून गंजलेत, सिंकमागची भिंत बारा महिने ओली. तेव्हा तोडफोड करावी लागणार हे मलाही मान्य आहे. (भाचे मंडळींना वाटतं, मावशीला काही बदलायलाच नको असतं. तसं नाही हो!) वाद आहे तो पैसे कशावर घालायचे यावर. आणि या वादात एका बाजूला मी एकटी.

चिरंजीवांनी बंगळूरला बसूनच एक मॉड्युलर किचनवाले ठरवले. त्यांचा एक तरुण मुलगा आला. गोड मुलगा. लेसरने पाच मिनिटांत मापं घेतली आणि दोन दिवसांनी संगणकावरचं रंगीत चित्र पाठवलं. चित्र फारच सुरेख! ओट्यावर एक पांढरा वाडगा, त्यात पाच लिंबं. बाकी ओट्यावर काही म्हणजे काही नाही. माझ्या ओट्यावर मिक्सर असतो, दुधाची दोन पातेली असतात, निथळायला ठेवलेली भांडी असतात. मी त्याला विचारलं, "कणकेचा डबा कुठे ठेवायचा?" तो म्हणाला, "काकू, ते तुम्ही नंतर ठरवा ना." काट्याचमच्यांसाठी मात्र त्याने कप्पे पाडलेला खास ड्रॉवर ठेवला होता. आमच्याकडे काटे आहेत सहा.

चित्राबरोबर अंदाजपत्रक. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण बदली तासांना गणितही घेतलंय, त्यामुळे बेरीज-गुणाकार येतात. ओट्याखालचं काम ४४ चौरस फूट, भिंतीवरची कपाटं २०, एक उंच कपाट १४ आणि माळ्याची दारं ३२. एकूण ११० चौरस फूट, दर २,२०० रुपये, म्हणजे २ लाख ४२ हजार. बिजागऱ्या, चॅनेल, जाळ्या यांचे ७८ हजार वेगळे. त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले ३ लाख ७७ हजार ६०० रुपये. खाली बारीक अक्षरात, तोडफोड, नळकाम, वायरिंग, फरशी, सिंक, चिमणी हे ग्राहकाने स्वतंत्रपणे करून घ्यायचं. म्हणजे ज्या ओल्या भिंतीमुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला, तिच्यासाठी या पावणेचार लाखांत एक रुपया नाही.

आता हे चौरस फूट म्हणजे काय? समोरून जेवढं दिसतं तेवढं मोजायचं. आतला कप्पा खोल आहे की उथळ, हाताला लागतो की नाही, याच्याशी दराला कर्तव्य नाही. माझी उंची चार फूट अकरा इंच. गुडघे कुरकुरतात, स्टुलावर चढायला डॉक्टरांची मनाई आहे. माळ्याच्या ३२ चौरस फुटांचे ७० हजार ४००, वर कर धरून ८३ हजार ७२ रुपये. आणि माळ्याला तर खोकंसुद्धा नाही, काँक्रीटचा माळा आहेच, त्याला नुसती समोरून दारं! तरी दर तोच. जिथे माझा हात आयुष्यात पुन्हा पोचणार नाही, ते झाकायला त्र्याऐंशी हजार.

बरं, पैसे गेले तरी वस्तू टिकावी. अंदाजपत्रकात दारं 'अ‍ॅक्रिलिक, हाय ग्लॉस' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि आतल्या खोक्यांपुढे नुसतं 'इंजिनिअर्ड वुड'. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेली फळी. कोरड्या खोलीत पुस्तकं ठेवायला ती चालेल. पण आपण ओटा पुसत नाही, धुतो. खाली पाणी ओघळतं, फरशीवर सांडतं, सिंकचा सांधा कधीतरी गळतोच. त्या चुऱ्यात पाणी शिरलं की तो पावासारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. नाशिकला ताईकडे चार वर्षांत सिंकखालचं दार लागेनासं झालं, बिजागरीचे स्क्रू भुशासकट बाहेर आले. दहा वर्षांची वॉरंटी होती की! पण पाण्याने झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत. स्वयंपाकघरात दुसरं कशाने नुकसान होणार, वाघाने?

वर दिसतं ते भारी आणि आत टिकायचं ते हलकं, हा उलटा हिशेब मला पटत नाही. दारांना साधा लॅमिनेट लावा आणि वाचलेले पैसे खोक्यात घाला. निदान सिंकखाली तरी मरीन प्लाय हवा, ज्याच्यावर आय.एस. ७१० असा शिक्का असतो तो.

इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज ज्याला आपण मॉड्युलर म्हणतो त्याची आजी म्हणजे जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचं १९२६ सालचं स्वयंपाकघर. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी ते आखलं, आणि तिथल्या नव्या वसाहतींत तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. ती घरं साध्या उत्पन्नाच्या लोकांची, स्वयंपाकघर जेमतेम सहा फूट बाय अकरा. पण काम करताना पावलं किती पडतात, बसून भाजी चिरता येईल का, याचा विचार आधी आणि कपाटं नंतर. जिन्नसांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे ओढायचे कप्पे, प्रत्येकावर नाव. पिठाचे कप्पे तेवढे ओकच्या लाकडाचे, कारण त्यात अळ्या होत नाहीत! गंमत म्हणजे या बाईंनी तोवर स्वतः घर चालवलेलं नव्हतं, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे स्वयंपाक न करणाऱ्यालाही चांगलं स्वयंपाकघर आखता येतं, मोजायचं ते मोजलं तर. आमच्या मुलाने भिंत मोजली. मला मोजलं नाही.

हे सगळं चिरंजीवांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आई, आत्ता चांगलं करून घेतलं तर उद्या फ्लॅट विकताना किंमत येईल." मग म्हणाले, "आणि तू तरी अजून किती..." आणि थांबले.

मला राग आला नाही, खरंच नाही. त्याला माझी काळजी आहे, पैसेही तोच देणार होता. पण तो थांबला तिथून मी हिशेब पुढे नेला. मी चौऱ्याहत्तरची. अजून दहा वर्षं धरा. दिवसाचे चार तास ओट्यापाशी. १४ हजार ६०० तास होतात. जो कोणी उद्या फ्लॅट घ्यायला येईल तो या खोलीत दहा मिनिटं उभा राहील, आणि घेतल्यावर पहिल्याच महिन्यात हे सगळं उपटून स्वतःच्या पसंतीचं करील. आपणही घर घेतल्यावर हेच करतो ना? त्या न आलेल्या माणसाच्या दहा मिनिटांसाठी अंदाजपत्रक करायचं, आणि चौदा हजार तासांवालीने जमवून घ्यायचं?

मॉड्युलरवाल्यांचं काही बरोबर नाही असं नाही. यंत्रावर कापलेल्या कडा सुताराच्या हाताने तशा येत नाहीत. त्यांची माणसं तीन दिवसांत बसवून जातात, सुतार महिनाभर घरात भुसा करतो आणि दर अमावस्येला गावी जातो. हे मी सोसलंय.

तरीही माझं अंदाजपत्रक मी वहीत असं मांडलंय. आधी पाइप, सांडपाणी आणि भिंतीचं वॉटरप्रूफिंग, ५५ हजार. वायरिंग आणि ओट्यावर नीट उजेड, २२. सिंक आणि फरशी, ४८. मग उरलेल्यात ट्रॉल्या आणि प्लायची खोकी, १ लाख ३५. दोन लाख साठ झाले, वर २६ हजार अडीअडचणीला. ह्यांनी १९८९ साली बसवून घेतलेले कडप्पे तसेच राहणार. छत्तीसएक वर्षांत त्यांना काही झालेलं नाही. ओट्याची उंची चौतीस नव्हे, एकतीस इंच. माळ्याला सुती पडदा, बाराशे रुपयांत.

एक बारीकशी सूचना, ज्यांना उपयोगी पडेल त्यांना. ट्रॉलीवाले लोहचुंबक लावून दाखवतात आणि म्हणतात, बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ चं स्टील. ३०४ ला चिकटत नाहीच, पण स्वस्तातल्या २०२ लाही सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

चिरंजीवांना वहीचं पान मोबाइलवर पाठवलंय. काल रात्री उत्तर आलं, "पडदा नको ग आई, निदान माळ्याला दारं तरी कर." पडद्यावर मी अडून बसले आहे. ट्रॉलीवाले आज चार वाजता मापं घ्यायला येतायत; मी त्यांना सांगून ठेवलंय, भिंतीच्या आधी माझा खांदा ते जमीन हे अंतर मोजा.