टेक्निकल म्हणे!



परवा तिसरी पाळी सुटल्यावर नाक्यावर चहा पीत होतो. आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, ‘ह्युई न्यूटन काय, टेक्निकल मुद्द्यावर सुटला.’ माझं टाळकं सटकलं. टेक्निकल म्हणजे काय रे?

ज्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या दोन संस्थापकांपैकी ह्युई एक. २८ ऑक्टोबर १९६७, ओकलंड. पहाटे पोलिसांनी गाडी अडवली. गोळ्या सुटल्या. एक पोलीस मेला, दुसरा जखमी. ह्युईच्या पोटात गोळी. खटला खुनाचा आणि दुसऱ्या पोलिसावरच्या प्राणघातक हल्ल्याचा. ह्युई म्हणाला, गोळी बसल्यावर मला शुद्ध नव्हती. डॉक्टरनं साक्ष दिली, अशा जखमेनं तसं होऊ शकतं. १९६८ मध्ये ज्युरीनं हल्ल्याच्या आरोपातून सोडलं, पण खुनाऐवजी सदोष मनुष्यवध लावला. सजा २ ते १५ वर्षं.

ज्युरी म्हणजे १२ साधी माणसं. कायदा त्यांना न्यायाधीशानं समजावायचा. शुद्धीत नसलेल्या माणसाला गुन्हेगार धरता येत नाही, हा तिथला कायदा. हे वाक्य न्यायाधीशानं ज्युरीला सांगितलंच नाही! मे १९७० मध्ये अपील कोर्टानं याच चुकीवर सजा रद्द केली. पुढं दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये खटला संपला.

ह्युई देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. पण कायदाच ऐकवला नाही, तर त्या १२ जणांनी न्याय कशाचा केला? कुणाच्या कानावर काय पडू द्यायचं हे ठरवतो त्याच्या हातात सत्ता. कानात शिसं ओतणाऱ्यांच्या देशात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्याकडं १९७३ च्या फौजदारी संहितेनं ज्युरी गेली. न्यायाधीश एकटा, पण त्याला कारणं लिहावी लागतात. आमच्या वस्तीतला एक पोरगा मारहाणीच्या केसमध्ये सजा भोगतोय. पहिला हात समोरच्यांनी टाकला, हे साक्षीत आलंय. निकालपत्र मी दोन रात्री अडखळत वाचलं. स्वसंरक्षणाचा हक्क हा शब्दच त्यात नाही! सेशन्समध्ये अपिलाला ३० दिवस. ११ गेले. आणि आपण भांडतोय, मोर्च्याच्या बॅनरवर कुणाचा फोटो मोठा!

मोर्चा काढाच. ओकलंडातही ह्युईसाठी माणसं रस्त्यावर होती. पण कुलूप उघडलं ते न बोललेलं वाक्य हुडकून काढल्यावर. बाबासाहेब १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचं पाणी प्याले, आणि त्याच तळ्यासाठी कोर्टात झुंजले. १९३७ मध्ये हायकोर्टानं स्पृश्यांचं अपील फेटाळलं. त्यालाही टेक्निकल म्हणाल?

१९ दिवस उरलेत. निकालाची नक्कल माझ्याकडं आहे. रविवारी या. मोठ्यानं वाचू.

जय भीम.