जुन्या क्लॅरिओनेटचें कुलगोत्र

तांब्यापितळेच्या भांड्यांवर नांव घालण्याची आपल्या घरोघरीं चाल आहे. लग्नांत आलेल्या घागरीवर देणाराचें नांव व साल कोरलेलें असतें, आणि तिसऱ्या पिढीला त्यावरून नातीं उमगतात. वाद्यांच्या बाबतींत आपण इतके दक्ष नसतों. सतार मिरजेच्या कोणत्या कारागिराची, पेटी कोणी बांधली, असें विचारलें तर "आजोबांची आहे" यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. विलायती वाद्यें मात्र आपलें कुलगोत्र बहुधा अंगावरच वागवितात.

गेल्या लग्नसराईनंतर आमच्या पेठेंतील एका दिवंगत बँडवादकाचा नातू असें एक वाद्य घेऊन मजकडे आला. आजोबांचें क्लॅरिओनेट. तें विकून टाकावें असें घरांत ठरत आलें होतें, कारण तें कोणत्याहि पेटीशीं जुळत नसे. एका बँडच्या चालकानें तर त्याच्या तोंडावर सांगितलें होतें कीं, हें वाद्य जात्याच बेसूर आहे आणि तुझे आजोबाहि जन्मभर चढेच वाजवीत. पैशांपेक्षां हेंच वाक्य त्या पोराच्या मनाला लागलें होतें. मास्तरांनीं वाद्यावरचीं इंग्रजी अक्षरें वाचून द्यावीं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

भरतमुनींनीं वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले. त्यांपैकीं सुषिर वर्गांत आपली सनई बसते आणि हें क्लॅरिओनेटहि बसतें. परंतु दोहोंचा स्वभाव भिन्न. सनईची पत्ती दुहेरी व नळी खालीं रुंदावत जाणारी. क्लॅरिओनेटची पत्ती एकेरी व नळी बहुतेक सरळ. त्यामुळें सनईंत फुंकर बदलली कीं षड्जावरून वरचा षड्ज निघतो, क्लॅरिओनेटवर मात्र त्याच्याहि पलीकडचा पंचम निघतो. अठराव्या शतकाच्या आरंभीं न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नर यानें हें वाद्य सिद्ध केलें असें मानतात. आपल्याकडे तें पलटणींच्या बँडांबरोबर आलें आणि तेथून लग्नाच्या वरातींत शिरलें. पुण्याच्या गणेशविसर्जनांत गाजणारा प्रभात बँड सोलापूरकर घराण्याचा आहे, हें आमच्या गांवच्या लोकांस अभिमानानें सांगावेंसें वाटतें.

वाद्याच्या काळ्या लांकडावरील अक्षरें झिजलेलीं होतीं. खडूची पूड चोळून ती हलकेच पुसली, तेव्हां खोलगट रेषांत पांढरें राहिलें आणि शिक्का वाचतां आला: हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन. या पत्त्यांतच वाद्याचें वय दडलेलें आहे. हॉक्स कंपनी डेन्मन स्ट्रीटवर १८९५ सालीं गेली, आणि १९३० सालीं ती बूझी कंपनीशीं एकत्र होऊन बूझी अँड हॉक्स हें जोडनांव प्रचारांत आलें. म्हणजे वाद्य या पस्तीस वर्षांतलें. शिक्का वाचतांना सावधगिरी मात्र बाळगावी लागते. दुसऱ्यानें घडविलेल्या मालावर विक्रेता आपलें नांव उठवी, हा प्रकार जुनाच आहे. इंग्लंडांत १८८७ च्या कायद्यानें परदेशी मालावर इंग्रजी नांव असल्यास मूळ देश दाखविणें भाग पडलें. म्हणून लंडनच्या नांवाखालीं कोठें "फ्रान्स" असा बारीक शब्द आहे काय, तेंहि पाहावें. येथें तसा शब्द नव्हता.

शिक्क्याखालीं मात्र दोन सुटीं अक्षरें होतीं, "एच" आणि "पी". मुलाला तीं कोणा जुन्या मालकाच्या नांवाचीं आद्याक्षरें वाटलीं होतीं. सगळें रहस्य त्यांतच होतें. त्यांचा अर्थ "हाय पिच", म्हणजे उंच पट्टी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील वाद्यें बरीच चढ्या स्वरांत लावीत. आपण जिला पांढरी सहा म्हणतों, तिचीं सेकंदाला सुमारें ४५२ कंपनें धरीत. १८९६ सालीं लंडनच्या फिल्हार्मोनिक सोसायटीनें ती ४३९ वर उतरविली, आणि १९३९ च्या लंडन येथील परिषदेंत ४४० हा आंकडा ठरला. परंतु पलटणींच्या बँडांना सगळीं वाद्यें एकदम बदलणें परवडणारें नव्हतें; १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनीं उंच पट्टीच धरून ठेवली. तेव्हां हें वाद्य मुळांत एखाद्या पलटणीसाठींच घडविलें असावें.

साध्या क्लॅरिओनेटचा षड्ज काळी पांचवर येतो. नातवाच्या मोबाईलवरील स्वरमापकानें पाहिलें, तर हें काळी पांच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध बोलत होतें! फरक सरासरी एका श्रुतीइतका. पण सा ते सा एकसारखाच चढा. आंतल्या आंत सूर नेटके. वाद्य बेसूर नव्हतें आणि वाजविणाराहि नव्हता. आजोबा ज्या बँडांत वाजवीत, तेथील इतर वाद्येंहि त्याच पट्टीचीं असतील तर त्यांना कोण चढे म्हणणार?

सांधे ओढून नळी लांबविली तर सूर उतरतो, हें खरें. पण वरच्या भोकांचे स्वर अधिक उतरतात, खालचे कमी, आणि मग वाद्य खरोखरच बेसूर होतें. तो उपाय मीं करूं दिला नाहीं. आपल्या संगीतांत षड्ज कोठेंहि मांडतां येतो, ही केवढी सोय! तंबोऱ्याची तार पिळली, तबल्याचे गट्टे ठोकले कीं झालें. हटवादी काय ती पेटी.

वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर असें वाद्य असेल, तर शिक्का चिंचेनें वा पालिशनें घासूं नये. खडूनें वाचून त्याचें छायाचित्र घ्यावें. बूझी अँड हॉक्सचा जुना वाद्यसंग्रह व कारखान्याचे कागद २००४ पासून लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयांत आहेत. चौकशी तेथें करतां येते.

मुलानें वाद्य विकलें नाहीं. गुरुवारच्या भजनाला तो तें तंबोऱ्याबरोबर वाजवितो, आणि तेवढा वेळ पेटी बंद असते. पेटीवाले गृहस्थ मजवर अजून रुष्ट आहेत.