साल तिथे बोडा

पाऊस लागला की सुरतेतल्या आमच्या शेजारच्या भाभींना बोडा आठवतो. त्या बस्तरच्या. बोडा म्हणजे मातीत होणारी, बोराएवढी गोल आळंबी. ‘तुमच्या डांगात का नाही मिळत?’ हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न. अहो, बोडा सालवृक्षाच्या मुळांशी बांधलेला. झाड त्याला साखर देते, तो झाडाला मातीतले क्षार. डांगात साग, आणि सागाशी त्याचे जमत नाही. कोवळा बोडा कापला की आत पांढराशुभ्र, जून झाला की काळी भुकटी. पण मैत्रिणींनो, नुसत्या पांढऱ्या गरावर विसंबू नका! विषारी अमानिटाची कळीही आत पांढरीच असते; उभी चिरली तर तिच्यात छत्रीची आकृती दिसते. भाभी बोडा माहेरूनच मागवतात. डांगच्या वाटेवर दिसणाऱ्या गोल गोळ्यांना त्या हातही लावत नाहीत.