आठवी आज्ञा आणि आजची बातमी



२५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना आणि त्यांच्यासमवेत असलेल्या एका आदिवासी तरुणाला अटक झाली. बजरंग दलाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी केलेल्या तक्रारीवरून मानवी तस्करी आणि सक्तीचे धर्मांतर असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. सोबत नारायणपूर जिल्ह्यातील तीन तरुणी होत्या. आपण नोकरीसाठी स्वेच्छेने निघालो होतो, असे त्यांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. २ ऑगस्ट रोजी बिलासपूर येथील एनआयए न्यायालयाने तिघांनाही जामीन मंजूर केला.

या घटनेने देशभरातील ख्रिस्ती समाज अस्वस्थ झाला, आणि ते स्वाभाविकच होते. त्या अस्वस्थतेच्या कारणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्हाला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते त्याच घटनेच्या दुसऱ्या अंगाकडे: अशा घटनेची बातमी कशी लिहिली जाते, आणि ती कशी लिहिली जावयास हवी.

एकच घटना, तीन वाक्ये

समजा, त्या दिवशी एका वार्ताहराने लिहिले, ‘धर्मांतर करणाऱ्या टोळीचा पर्दाफाश, दोन नन जेरबंद.’ दुसऱ्याने लिहिले, ‘निष्पाप धर्मभगिनींचा छळ.’ तिसऱ्याने लिहिले, ‘मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपावरून दोन धर्मभगिनींना अटक, स्वेच्छेने निघालो होतो, असे सोबतच्या तरुणींचे म्हणणे.’

पहिले वाक्य तक्रारदाराच्या तोंडचे आहे, परंतु ते वार्ताहराने स्वतःचे म्हणून लिहिले आहे. टोळी होती, धर्मांतर होत होते आणि पोलिसांनी ते उघड केले, या तीनही गोष्टी सिद्ध झाल्यासारख्या सांगितल्या गेल्या. दुसरे वाक्य आपल्या मनाला पटते. धर्मप्रांताच्या अग्रलेखात त्याला स्थानही आहे. मात्र बातमी म्हणून तेदेखील अपुरे आहे, कारण वाचकाला काय घडले हे कळण्याआधीच त्यात निकाल दिलेला आहे. तिसरे वाक्य कोणाला आनंद देणारे नाही, तथापि त्यात कोणाचे म्हणणे काय आहे हे स्पष्ट आहे, आणि वाचकाला विचार करण्यास जागा आहे. आमच्या मते धर्मभगिनींची बाजू सर्वांत भक्कमपणे मांडणारे वाक्यही तेच आहे. ‘त्या निष्पाप आहेत’ असे आपण शंभर वेळा म्हटल्याने परका वाचक हलत नाही. त्या तरुणींनी स्वतः काय सांगितले हे वाचल्यावर तो थांबतो.

जामीन मिळाला तेव्हाही हीच कसोटी होती. जामीन म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. ‘आरोपातून सुटका’ असे आनंदाच्या भरात लिहिणारा आपल्याच माणसांची दिशाभूल करतो, कारण खटला पुढे चालतो तेव्हा वाचकाला तो नवा अन्याय वाटू लागतो.

शब्दांच्या पायऱ्या

कायद्याच्या प्रक्रियेत तक्रार, गुन्हा दाखल होणे, अटक, दोषारोपपत्र, खटला आणि निकाल अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला स्वतंत्र शब्द आहे. ज्याच्याविषयी पोलिसांना शंका आहे तो संशयित, ज्याच्यावर आरोप ठेवला आहे तो आरोपी, आणि न्यायालयाने ज्याला दोषी ठरवले तोच गुन्हेगार. मराठीत हे शब्द सोपे आहेत, शाळकरी मुलालाही ते समजतात. तरीही ‘गुन्हा दाखल झाला’ यावरून ‘गुन्हा केला’ असा अर्थ घेण्याची घाई रोज दिसते.

येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे अटक झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीतच असताना वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. खटला सुरू होण्यापूर्वीच ते गेले. न्यायालयाने त्यांना कधीही दोषी ठरवले नव्हते. असे असूनही त्यांच्या नावामागे ‘नक्षलवादी’ हे विशेषण लावणारे लिखाण आजही आढळते. मृत माणूस खुलासा करू शकत नाही, म्हणून त्याच्याविषयी लिहिणाऱ्याची जबाबदारी दुप्पट असते.

अफवेची किंमत

चुकीच्या शब्दाने केवळ नावलौकिक जातो असे नाही, जीवही जातो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार केले. हे संदेश मोबाईलवरून फिरत होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. परिसरात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची अफवा तेथेही होती.

गडचिंचलेच्या घटनेनंतर जे घडले तेही विसरता येण्यासारखे नाही. त्या अमानुष हत्याकांडाचा निषेध सर्व समाजांनी केला, परंतु काही जणांनी त्याला धार्मिक रंग दिला. समाजमाध्यमांवर मुस्लिमांकडे, तर काही चर्चांमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे बोट दाखवले गेले. एका चित्रफितीत ‘ओये बस’ असा आवाज होता. तो ‘शोएब बस’ असा ऐकला गेला, आणि तेवढ्यावर एक कथा उभी राहिली. अखेर २२ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतील १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यांत एकही मुस्लिम नसल्याचे जाहीर करावे लागले.

चुकून ऐकलेल्या एका शब्दामुळे एक संपूर्ण समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. ती चित्रफीत दुसऱ्यांदा ऐकण्याची तसदी कोणी घेतली असती, तर हे टळले असते. पत्रकारितेतील अचूकता ही केवळ शुद्धलेखनाची बाब नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

आपल्या घरातले लेखन

इतरांच्या लेखणीची तपासणी केल्यावर आपल्या घरातही डोकावणे प्राप्त आहे. गेली अनेक वर्षे ख्रिस्ती मंडळींमध्ये एक संदेश फिरत असतो. भारतातील ‘ओलिसाबांग’ प्रांतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री वीस चर्चेस जाळली, आज रात्री आणखी दोनशे जाळणार आहेत, कृपया प्रार्थना करा, असा त्याचा आशय. भारतात ओलिसाबांग नावाचा कोणताही प्रांत नाही, हे भारतात राहणाऱ्या आपल्याला तरी ठाऊक असावयास हवे. तरीही संदेश पुढे पाठवला जातो, कारण शेवटी प्रार्थनेची विनंती असते आणि प्रार्थनेला नाही कसे म्हणावे, असे भाविक मनाला वाटते.

यात हानी काय, असे कोणी विचारील. हानी अशी की २००८ साली ओडिशातील कंधमाळ येथे खरोखर चर्चेस जाळली गेली, माणसे मारली गेली आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. खोट्या ओलिसाबांगसाठी हाकाटी करणाऱ्याचा शब्द खऱ्या कंधमाळच्या वेळी कोण मानील? ज्या समाजावर खोटे आरोप होतात, त्या समाजाला स्वतः खोटे बोलणे परवडत नाही.

दुसरी बाब आपल्या धर्मग्रामांतून येणाऱ्या वृत्तांतांची. ‘सण मोठ्या उत्साहात संपन्न झाला. मान्यवरांची उपस्थिती लाभली. उपस्थितांनी कार्यक्रमाची मुक्तकंठाने प्रशंसा केली.’ असा वृत्तांत कोणत्याही वर्षी, कोणत्याही धर्मग्रामाच्या नावावर छापता येईल. त्यात खोटे काही नाही, परंतु माहितीही नाही. प्रवचनात धर्मगुरूंनी काय सांगितले, धान्यवाटप झाले तर किती कुटुंबांना, रक्तदान शिबिरात किती पिशव्या रक्त जमले, पाण्याच्या प्रश्नावर ग्रामसभेत काय ठरले, हे सांगणारी चार वाक्ये त्या दोन पानांपेक्षा मोलाची आहेत. पन्नास वर्षांनी धर्मग्रामाचा इतिहास लिहिणाऱ्याला तीच उपयोगी पडतील.

सर्पाचे अवतरण

परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या जागतिक संपर्क माध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांचा विचार करताना उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पाची आठवण करून दिली होती. तो उतारा संपादकाच्या नजरेने पुन्हा वाचण्यासारखा आहे. परमेश्वराने एका झाडाचे फळ वर्ज्य केले होते. सर्प विचारतो, बागेतल्या कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नका असे देव म्हणाला काय? एकाच्या जागी ‘कोणतेच नाही’ आले, आणि आज्ञा जुलमी वाटू लागली. हव्वा चूक दुरुस्त करते खरी, परंतु उत्तर देताना त्या झाडाला स्पर्शही करू नये, अशी पुस्ती जोडते. देवाने आदामाला दिलेल्या आज्ञेत स्पर्शाचा उल्लेख नाही. विरोधक वाक्य मोडतो, आणि बचाव करणाराही त्यात भर घालतो. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेणे किती अवघड आहे, हे याहून नेमके कोठे सांगितले असेल?

याउलट संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी आपली पद्धत सांगतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली माहिती त्याने मुळापासून तपासली आणि क्रमवार लिहिली. साक्षीदार, तपासणी, क्रम: वार्तालेखनाचे शिक्षण आजही याच तीन गोष्टींपासून सुरू होते.

नव्याने लिहू लागलेल्या तरुण-तरुणींना आमचे सांगणे थोडके आहे. प्रत्येक विधानाला ‘हे कोण म्हणते?’ असा प्रश्न विचारा. ‘असे समजते’, ‘अशी चर्चा आहे’, ‘असे बोलले जाते’ या तीन प्रयोगांमागे बहुधा कोणीच उभे नसते. आकडा लिहिताना तो कोणी मोजला हे लिहा. व्यक्तीचे नाव तिलाच विचारून लिहा. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू छपाईपूर्वी विचारा, नंतर नव्हे. बातमी आणि आपले मत एका परिच्छेदात मिसळू नका. लांब वाक्यात स्वतःच अडखळलात, तर त्याची दोन वाक्ये करा. आणि मोबाईलवर आलेला मजकूर, मग तो कोणीही पाठवलेला असो, मुळाशी जाऊन पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात गुळगुळीत मराठी लिहून देते. गुळगुळीत वाक्य खरे असतेच असे नाही, म्हणून तपासणीचे काम आता वाढले आहे, कमी झालेले नाही.

वारसा आणि कर्तव्य

या भूमीत ख्रिस्ती लेखणीला मोठा वारसा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली लोकांना समजेल अशा मराठीत अवतरले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’चे संपादन केले, हरित वसईच्या लढ्यात ते अग्रभागी राहिले, आणि २०२० साली धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. बहुजन समाजाने त्यांचा शब्द ऐकला, कारण तो लोकांच्या भाषेत होता. १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी संत फ्रान्सिस दि सेल्स यांना पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. २४ जानेवारीला आपण त्यांचा सण साजरा करतो. विरोधकांशीही सौम्य आणि स्वच्छ भाषेत बोलणारा हा संत होता. १२ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी जगभरच्या पत्रकारांना भेटून शब्द निःशस्त्र करण्याचे आवाहन केले, ते याच परंपरेतले आहे.

या वारशाला साजेसे काम आजही होऊ शकते. प्रत्येक धर्मग्रामाने लिहिण्याची आवड असलेले दोन तरुण निवडावेत, त्यांना वार्तालेखनाचे रीतसर शिक्षण द्यावे, आणि त्यांच्या वृत्तांताला फलकावर मानाची जागा द्यावी. वृत्तपत्रात आपल्याविषयी चुकीचे छापून आले, तर संतापाचा संदेश फिरवण्याऐवजी त्यांनी संपादकांना तारीख, पुरावा आणि नेमकी दुरुस्ती असे चार ओळींचे पत्र पाठवावे. अशा पत्राला उत्तर देणे संपादकाला टाळता येत नाही.

खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. साक्ष केवळ न्यायालयात दिली जात नाही. जो कोणी शेजाऱ्याविषयी एक ओळ लिहितो किंवा पुढे पाठवतो, तो साक्षच देत असतो. ती साक्ष खरी आणि सर्वांना समजेल अशी देण्याचे सामर्थ्य प्रभू आपल्या लेखणीला देवो.